कारणाच्या रकान्यात

यान्बू,
शुक्रवार, १२ एप्रिल २०१३

आदरणीय रहमतुल्लाभाईंना आणि नूरुन्निसाभाभींना गोपीनाथचा सलाम.

तुमचा भाचा हारून सुट्टी संपवून परवा आला. त्याने तुमचं पत्र आणि भाभींनी दिलेली आंबोशी माझ्या हातात ठेवली. पत्र लगेच वाचलं. आंबोशीची पुडी अजून सोडलेली नाही. पोचली म्हणून भाभींना सांगा.

फोनवर आता काही धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिही, असं तुम्ही लिहिलंय. मलाही पत्रच बरं. फोनवर मी तुमच्याशी नीट बोलू शकलो नसतो. लाइनच नीट नसते ना.

इथे सगळं चाललंय तसं चाललंय. रिफायनरीतल्या तिसऱ्या युनिटचं पाइपिंग संपत आलंय. वारा सुटला की कॅम्पात समुद्राचा वास कमी आणि गंधकाचा जास्त येतो, ते तुम्हाला सांगायला नको. लोकांच्या बोलण्यात एकच विषय, निताकत, हा सौदीकरणाचा नवा कायदा. कंपनी अजून पिवळ्या रंगात आहे. हिरव्यात जायचं तर सौदी माणसं वाढवायची, नाहीतर आपली कमी करायची. कंपनीला दुसरं सोपं वाटतं. ज्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आलाय तो माणूस जेवताना बोलत नाही, आणि ज्याचा संपायला अवकाश आहे तो जास्तच बोलतो.

तुमच्या जागी मुआज आलाय. इथलाच, यान्बूचा, चोवीस-पंचवीसचा तरुण. चांगला आहे, हे सांगायला मला जड जातंय, पण आहे. पहिल्या दिवशी तो तुमच्या खुर्चीत बसेना. मला म्हणाला, "इथे कोण बसायचं?" मी तुमचं नाव सांगितलं. "किती वर्षं?" म्हटलं, "एकोणीस." तो गेला आणि कॉन्फरन्स रूममधून दुसरी खुर्ची ओढून घेऊन आला. रॅकवरच्या तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या त्याने काढलेल्या नाहीत. कुठला व्हॉल्व्ह कुठे, हे तो त्या वाचून शिकतोय. तुमच्याबद्दल बोलताना तुम्हाला अम्मी रहमत म्हणतो, म्हणजे रहमतकाका.

आता तुमच्या फर्माइशीकडे वळतो. झेंग साहेबांची गोष्ट अर्धी राहिली, पुढे त्या खोंगमास्तरांचं काय झालं ते लिही, भाभी रोज विचारतात, असं तुम्ही लिहिलंय. मला हसू आलं. जयगडच्या खाडीवर बसून कुणी कन्फ्यूशियसची वाट बघत असेल असं झेंग साहेबांच्या स्वप्नातही आलं नसेल. मी त्यांना सांगितलं, तर चहाचा कप खाली ठेवून त्यांनी दोनदा मान लववली. वेल्डिंग तपासणाऱ्या त्या कडक म्हाताऱ्याला तुमची किती आठवण येते, हे मला तेव्हा कळलं. चहाच्या वेळी आता बाकावर आम्ही दोघंच असतो. कधीकधी मुआज.

भाभींसाठी सुरुवातीपासून थोडक्यात लिहितो. अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये लू नावाचं एक लहानसं राज्य होतं. झेंग साहेबांचं गाव चुफू, ते त्याच मुलखातलं. खोंग, म्हणजे जग ज्याला कन्फ्यूशियस म्हणतं तो, तीन वर्षांचा असताना वडील गेले. आईने गरिबीत वाढवलं. तरुणपणी धान्याच्या कोठारावर नोकरी केली, मग सरकारी गुरं-मेंढ्या सांभाळल्या. हे ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारून ओरडला होतात, "म्हणजे स्टोअरकीपर! आपल्यातला माणूस!" तेव्हापासून झेंग साहेबही मला सांगताना "रहमतच्या खात्यातले खोंगमास्तर" असंच म्हणतात.

तेव्हा सगळीकडे राजे एकमेकांवर तुटून पडत होते. खोंगमास्तरांचं म्हणणं साधं होतं. नवं काही नाही, जुन्या लोकांनी माणसाशी माणसासारखं वागायची जी रीत घालून दिली ती पुन्हा शिकू या. राजाने राजासारखं वागावं, बापाने बापासारखं, मुलाने मुलासारखं. नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र, ही नाती नीट झाली की घर नीट, आणि घरं नीट झाली की राज्य नीट. शिकायला कुणीही यावं. सुक्या मांसाची एक जुडी घेऊन आलेल्यालाही त्यांनी परत पाठवलं नाही. एका शिष्याने विचारलं, जन्मभर पुरेल असा एक शब्द सांगा. तर म्हणाले, जे आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नये, एवढ्याचा एक शब्द होतो.

तुम्ही निघालात तेव्हा गोष्टीत मास्तर पंचावन्नच्या आसपास होते आणि नोकरी सोडून राज्याबाहेर पडले होते. पुढचं असं की चौदा वर्षं ते शिष्यांना घेऊन दारोदार फिरले. कुठल्याच राजाने त्यांना ठेवून घेतलं नाही. एका ठिकाणी अडकून पडले, खायला नाही, शिष्य आजारी, आणि हे वाद्य वाजवत गात बसलेले. चिडून एका शिष्याने विचारलं, भल्या माणसावरही अशी वेळ येते? ते म्हणाले, येते की. वेळ आल्यावर तो भलाच राहतो, एवढाच फरक. शेवटी अडुसष्टाव्या वर्षी घरी परतले आणि त्र्याहत्तराव्या वर्षी गेले. आपलं काही जमलं नाही, असंच त्यांना वाटत असावं. शिष्य मात्र तीन वर्षं थडग्यापाशी झोपड्या बांधून राहिले, बाप गेल्यावर मुलाने राहावं तसे. एक जण सहा वर्षं राहिला.

ही गोष्ट तुम्हाला लिहिताना मला मध्येच थांबावं लागलं. का, ते असो.

कंपनीला तुमच्या कानांचं कुणी सांगितलं, असंही तुम्ही विचारलंय. मला नक्की माहीत नाही. ऑफिसात कुठला कागद कुठून येतो आणि कुठे जातो, हे कुणाला कळतं? तुमचे कान तपासणाऱ्या डॉक्टर कमलाकरांवर तुम्ही जो संशय घेतलाय त्यावर मी काय बोलणार. झालं ते झालं.

शोभना तिकडे बरी आहे. आमची सानिका इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तब्येत सांभाळा.

तुमचा,
गोपीनाथ

*

यान्बू,
शुक्रवार, ७ जून २०१३

आदरणीय रहमतुल्लाभाई,

सलाम. तुमचं दुसरं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. साइटवर काम फार होतं असं लिहिणार होतो, पण तेवढं नव्हतं.

धाहरानच्या कंपनीने तुम्हाला स्टोअरसाठी बोलावलं, मुलाखत झाली, आणि आपल्या कंपनीचं पत्र बघून नकार दिला, हे वाचलं. नोकरीवरून का काढलं, त्या कारणाच्या रकान्यात "वैद्यकीय कारण, श्रवणदोष" असं आहे म्हणून. तुम्ही लिहिलंय, "गोपी, सौदीकरण असं लिहिलं असतं तर त्यात माझी काही लाज नव्हती. हजारो जण तसे आले. पण मला बहिरा म्हणून हाकलला." ते वाक्य मी घडी घालून ठेवतो आणि ते पुन्हा उघडतं.

मुआजने तुम्हाला सलाम सांगितलाय. परवा त्याने बाकावर झेंग साहेबांना विचारलं, की दोन-अडीच हजार वर्षांत तुमच्या मास्तरांचं काहीच बंद कसं पडलं नाही? साहेब म्हणाले, बंद पाडायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. एका सम्राटाने पुस्तकं जाळली. त्याच्यानंतरच्या घराण्याने तीच शोधून काढून दरबारात नेली. मग शतकानुशतकं ज्याला सरकारी नोकरी हवी त्याने ती पाठ करून परीक्षा द्यायची. कोरिया, जपान, व्हिएतनाम, सगळीकडे ते शिक्षण गेलं. मग आपल्या साइटकडे बोट करून म्हणाले, "बघा." खरंच, आपण रोज बघतच होतो. कोरियन फोरमन ड्रॉइंग देतो ते दोन हातांनी. व्हिएतनामचे वेल्डर वयाने मोठा माणूस बसल्याशिवाय डबा उघडत नाहीत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मास्तरांचं एक पान वाचलेलं नाही. मुआज म्हणाला, "माझी आजीही हेच सांगते, आणि तिने तर चीनचं नावही ऐकलेलं नसेल." साहेब खूप हसले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्ही ऐकलेली नाही. एका सरदाराने मास्तरांपुढे बढाई मारली, की आमच्याकडे एक माणूस इतका सरळ आहे की त्याच्या बापाने मेंढी चोरली तर त्याने स्वतः जाऊन साक्ष दिली. मास्तर म्हणाले, आमच्याकडचा सरळपणा वेगळा आहे. बाप मुलाचं झाकतो, मुलगा बापाचं झाकतो. आमचा सरळपणा त्यातच असतो.

मुआजला ते पटलं नाही. "आणि ज्याची मेंढी गेली, त्याने काय करायचं?"

"आमचे पंडित दोन हजार वर्षं ह्यावर भांडतायत," साहेब म्हणाले. "तू पण भांड."

मुआज हजेरीसाठी निघून गेला. साहेब बसून राहिले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नाही. हे तुम्हाला लिहू का, असं मी विचारलं. म्हणाले, रहमतला लिही.

ते १९६६ साल होतं. साहेब तेव्हा सतरा वर्षांचे, दंडावर लाल पट्टी. जुनं सगळं मोडायचं असा हुकूम निघाला होता. बीजिंगहून विद्यार्थी चुफूला आले, देवळातले शिलालेख फोडले, खोंग घराण्याची थडगी उकरली. साहेबांचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आजोबांनी हाताने उतरवलेली मास्तरांची वचनं त्यांनी चुलीमागच्या भिंतीत लपवली होती. शाळेत विचारलं गेलं, कुणाच्या घरी जुनी पुस्तकं आहेत? साहेबांनी हात वर केला.

"मी खोटं बोललो नाही," ते म्हणाले. "पुस्तक होतंच."

वडिलांना कागदाची उंच टोपी घालून, गळ्यात पाटी अडकवून चौकात उभं केलं. साहेब गर्दीत होते. घोषणाही दिल्या. वडील सात वर्षं वीटभट्टीवर होते. परत आले, मुलाकडेच राहिले, आणि पुढची अकरा वर्षं त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. नातीला मात्र ती वचनं तोंडी शिकवायला लागले, कारण पुस्तक राहिलं नव्हतं. साहेब शेजारच्या खोलीत बसून ऐकायचे. एक दिवस मेंढीची गोष्ट जवळ आली. वडील क्षणभर थांबले आणि ती सोडून पुढच्या वचनावर गेले.

"त्यांना सगळं पाठ होतं," साहेब म्हणाले. "ते विसरले नव्हते. मी ऐकतोय हे त्यांना माहीत होतं, म्हणून गाळलं. तेव्हाही त्यांनी माझं झाकलं. मी उठून आत जायला हवं होतं. मधे फक्त एक पडदा होता. मी गेलो नाही. ते वारले तेव्हा मी दुसऱ्या प्रांतात साइटवर होतो."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते अर्धा दिवस रजा घेऊन समुद्राकडे तोंड करून बसले होते. तो त्यांच्याकडे थडगी झाडायचा दिवस असतो, हे मला आता कळलं.

त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी गप्प आहे.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टर कमलाकर मला बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, भेटले, तांदूळ घ्यायला आले होते. बाहेर येऊन म्हणाले, "गोपीनाथ, हारून माझ्या नमस्काराला उत्तर देत नाही. कोकणातल्या पाच-सहा जणांनी आपल्या फायली दुसऱ्या दवाखान्यात नेल्या. पेशंट गेले त्याचं काही नाही. पण मी पेशंटचं बाहेर सांगतो, असं म्हणतायत. तीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं, "लोक काय, बोलतात."

"त्या दिवशी तपासणीच्या खोलीत तिघंच होतो. रहमतुल्ला, मी, आणि त्यांना रिपोर्टातलं इंग्रजी नीट कळावं म्हणून आलेला तू."

"हो."

"मी कुणाला बोललो नाही."

"हो डॉक्टर."

"मग?"

मी म्हटलं, कंपनीवाले माहिती कुठूनही काढतात. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. रागाने नाही. मग तांदळाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि गेले.

रहमतुल्लाभाई, मागच्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं. "नक्की माहीत नाही" असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, हे मला नक्की माहीत आहे. कसं माहीत, ते आज माझ्याने लिहवत नाही. पण हारूनला तुम्ही आजच निरोप पाठवा, की त्या माणसाशी नीट वागा.

गोपीनाथ

*

यान्बू,
शुक्रवार, ३० ऑगस्ट २०१३

रहमतुल्लाभाई,

तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हाच समजलो की तुम्हाला समजलंय. तरीही हे मला स्वतःच्या हाताने लिहायलाच हवं.

तुमच्या कानांचं मी सांगितलं.

फेब्रुवारीत मॅनेजरने मला बोलावून एक कागद दिला. स्टोअर आणि डॉक्युमेंट विभागातली चार नावं, त्यात तुमचं आणि माझं. म्हणाला, हेड ऑफिसला पाठवायचंय, एक माणूस कमी होईल, प्रत्येक नावापुढे शेरा लिहून आण. मी कागद घेऊन माझ्या केबिनमध्ये आलो. माझ्या नावापुढे लिहिलं की हा सौदी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो, आवश्यक. तेव्हा मी कुणालाही प्रशिक्षण देत नव्हतो. तुमच्या नावापुढे लिहिलं, "ऐकण्यात दोष. धोक्याचा भोंगा ऐकू येत नाही." मग कागद नेऊन दिला आणि जेवायला गेलो. जेवणही गेलं, हेही सांगतो.

मी स्वतःला सांगितलं की मी खरं तेच लिहिलंय. झेंग साहेबांसारखंच. सुरक्षेचा प्रश्न आहे, उद्या काही झालं तर कोण जबाबदार, असंही सांगितलं. पण भोंगा वाजला की पेटणारा लाल दिवा तुम्ही इलेक्ट्रिशियनकडून स्टोअरमध्ये लावून घेतला होता, आणि चार वर्षांत प्रत्येक ड्रिलला तुम्ही सगळ्यांच्या आधी मैदानात हजर असायचात. हे मला माहीत होतं. ते मी लिहिलं नाही. इथे कुणाची मेंढीही गेली नव्हती, रहमतुल्लाभाई. तुमच्या कानांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. झाकायला काही नव्हतंच, फक्त गप्प बसायचं होतं. तपासणीनंतर दवाखान्याच्या जिन्यावर तुम्ही माझा दंड धरून म्हणाला होतात, "गोपी, हे तुझ्या-माझ्यात." मी हो म्हटलं होतं.

तुम्हाला विमानतळावर सोडायला मीच आलो. तुम्ही मिठी मारून म्हणालात, "माझ्यासाठी भांडला असशील, मला माहीत आहे. आता तुझं सांभाळ." तेव्हाही मी सांगितलं नाही. संगमेश्वरच्या एका दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मला ज्याने इथे आणलं, पहिल्या वर्षी आपल्या खोलीत ठेवलं, शोभनाच्या ऑपरेशनच्या वेळी माझी ड्यूटी स्वतः केली, त्या माणसाला मी चार शब्दांत संपवलं.

रमजान संपल्यावर मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, रहमतुल्लांच्या पत्रातलं कारण बदलून द्या. त्याने विचारलं, का? मी सगळं सांगितलं. माझी नोकरी वाचावी म्हणून तो शेरा लिहिला, हेही सांगितलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. "तुझी नोकरी? तुझं नाव धोक्यात नव्हतंच. हेड ऑफिसने वय बघितलं. पंचावन्नच्या वर एकटा तो होता. तुझा शेरा कुणी वाचलाही नाही. शेवटी पत्र करताना कारण काय टाकायचं म्हणून मी कागद बघितला, तर तू लिहिलेलं होतं. ते टाकलं."

"आणि मी लिहिलं नसतं तर?"

"सौदीकरण टाकलं असतं. नेहमी तेच टाकतो."

म्हणजे तुम्ही गेलाच असतात. आणि धाहरानला परत आलाही असतात. मी वाचलोच असतो. माझं काहीही जात नव्हतं आणि तरी मी तुमचा बळी दिला. हे ऐकून क्षणभर, फक्त एक क्षण, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाची मला शेऱ्याहून जास्त लाज वाटते. झेंग साहेब एकदा म्हणाले होते, मास्तरांच्या मते माणसांना नुसत्या नियमांनी आणि शिक्षेने हाकलं तर ती शिक्षा चुकवायला शिकतात, लाजायला शिकत नाहीत. मॅनेजरच्या खोलीत मला तेच झालं. नियमाने मी निर्दोष निघालो होतो.

मॅनेजर वाईट माणूस नाही. म्हणाला, कारण बदलतो, पण हा वैद्यकीय शेरा तू अधिकार नसताना लिहिलास, असं लेखी दे. मी दिलं. माझ्या फायलीत ताकीद लागली. नवं पत्र ह्या लिफाफ्यात आहे, सही-शिक्क्यासह. कारण सौदीकरण एवढंच. धाहरानला मी फोन करून विचारलं, जागा अजून भरलेली नाही. जायचं की नाही, ते तुम्ही आणि भाभींनी ठरवायचं. दिव्याचं मात्र त्यांना आधीच सांगा. ते लपवण्यासारखं नाही. खरं तर अभिमानाचं आहे.

आणखी एक करायचं होतं. गेल्या शुक्रवारी हारूनच्या खोलीवर ईदचं लांबलेलं जेवण होतं. आपली पंधरा-सोळा माणसं. डॉक्टरांना बोलावणं नव्हतं. मी त्यांच्या दारी जाऊन म्हटलं, माझ्याबरोबर चला. ते नको म्हणाले. मी म्हटलं, मला तुमच्यासमोर काहीतरी बोलायचंय, एकट्याने बोललो तर मी अर्धंच बोलेन. तेव्हा त्यांनी चपला घातल्या.

आम्ही दोघं आत गेलो. मी बसलो नाही. दारातच उभं राहून सांगितलं, की डॉक्टरांनी कुणाला काही सांगितलेलं नाही, रहमतुल्लाभाईंचं कंपनीला मी लिहून दिलं, आणि सहा महिने तुम्ही ह्यांना दोष देत होतात तेव्हा मी ऐकत होतो. एवढंच. पाठ करून गेलो होतो त्यापेक्षा बरंच कमी बोलता आलं.

हारून उठला. मला वाटलं मारतो. म्हणाला, "मामूंनी तुला हाताला धरून आणलं रे इथे."

डॉक्टर म्हणाले, "मला एवढंच हवं होतं," आणि वळून जिना उतरायला लागले. हारून अनवाणी त्यांच्यामागे धावला. खालच्या मजल्यावर दोघांचं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळाने तो त्यांना हाताला धरून वर घेऊन आला, आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं. माझ्याशी कुणी बोललं नाही. पण कुणीतरी माझ्यापुढेही ताट ठेवलं. कुणी, ते मी वर बघून पाहिलं नाही. ते जेवण उतरवणं जन्मातलं सगळ्यात अवघड काम होतं.

मुआजलाही मी सांगितलं, कारण त्याने विचारलं की तू हल्ली स्टोअरकडे का येत नाहीस. तो बराच वेळ रॅकवरची एक चिठ्ठी बोटाने दाबत राहिला, सुटत आलेली. मग म्हणाला, "मी अम्मी रहमतना ओळखत नाही. पण तू त्यांना लिहिशील तेव्हा लिही, की त्यांची जागा मी मागितली नव्हती." लिहिलं.

झेंग साहेबांचं कंत्राट संपलं. सोमवारी ते गेले. जायच्या आधी त्यांनाही सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "किती दिवस लागले?" म्हटलं, सहा महिने. त्यांनी मान हलवली. "मला सत्तेचाळीस वर्षं झाली. आणि माझा ऐकणारा राहिला नाही. तुझा आहे." ते आता चुफूला वडिलांच्या थडग्याजवळ खोली घेऊन राहणार आहेत. तीन वर्षं, म्हणाले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. घरच्यांना त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलंय. मी म्हटलं, खरं कारण सांगा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही. पण गाडीत बसताना म्हणाले, मुलीला सांगेन.

मी इथेच आहे. नोकरी सोडून आलो असतो तर तुम्हाला लिहिताना मला बरं वाटलं असतं, पण सानिकाची दोन वर्षं आहेत आणि मी तेवढा मोठा माणूस नाही. शोभनाला कळवलंय. तिने चार दिवस फोन घेतला नाही. काल घेतला आणि म्हणाली, भाभींना मी काय तोंड दाखवू.

तुमच्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि तेवढ्या सहज ती मला मिळू नये. रागवा. गावात सांगायचं तर सांगा. माझं नाव घेऊन सांगा. जयगडमध्ये तुम्ही डॉक्टरांबद्दल ज्यांना ज्यांना बोललात, त्यांना तरी सांगावंच लागेल. हे ओझंही मी तुमच्यावर टाकलं.

मला उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल. डॉक्टरांना मात्र दोन ओळी लिहा. त्यांचा पत्ता मागे लिहिलाय.

तुम्ही ज्याला सगळीकडे "हा माझा धाकटा भाऊ" अशी ओळख करून देत होता, आणि जो ती ऐकून मान डोलावत होता,
तो
गोपीनाथ